चंद्राची बाजू

"पिलनामताई, सूर्य उलट्या बाजूला आलाय," चित्रकलेच्या वर्गाच्या नामगुंग बाई म्हणाल्या, आणि दालनात फुलं मांडणाऱ्या सगळ्या बायकांचे हात थांबले.

सहा पानांचा घडीचा पडदा नुकताच उलगडला होता. पाच डोंगर, दोन धबधबे, लाल खोडांची झाडं, वर एका अंगाला लाल सूर्य आणि दुसऱ्या अंगाला पांढरा चंद्र. राजाच्या आसनामागे पूर्वी हेच चित्र उभं असायचं. बसलेल्या राजाच्या डाव्या हाताला सूर्य, उजव्या हाताला चंद्र. आमच्याकडे डावी बाजू मानाची, आणि ती सूर्याची, हे आमच्या जोंजू शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. पिलनामच्या पडद्यावर त्या मानाच्या जागी चंद्र जाऊन बसला होता.

चूक कशी झाली ते तिला तिथल्या तिथे कळलं. नमुन्याचा कागद खाली, त्यावर पातळ कागद, आणि आरपार दिसेल ती रेघ गिरवायची, अशी ही कला. तिने नमुन्याची गुंडाळीच पालथी पसरली होती. डोंगर, पाणी, झाडं दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे कुणालाच पत्ता लागला नाही. दोन वर्षं ती एकेक पान वर्गात आणत होती आणि बाई रंगांचं कौतुक करत होत्या. पानं जोडून अख्खा पडदा आज सकाळीच आला होता. आता काही बदलता येणार नव्हतं.

"तरी बरं, राजे राहिले नाहीत," युनजा म्हणाली. वर्गातली सगळ्यात तोंडाळ बाई ती. "नाहीतर ताई, तुझी मुंडी गेली असती."

सगळ्या हसल्या. पिलनामही हसली, पण तिचे डोळे भरून आले. 'सूर्य आणि चंद्र' हे वर्गाचं पहिलंच प्रदर्शन. अकरा वाजता दार उघडणार होतं. मधली भिंत तिच्या पडद्यासाठी राखून ठेवलेली. आयुष्यात पहिल्यांदा कशावर तरी तिचं नाव लागणार होतं.

"चार जाणकार माणसं येणारेत," बाई हळूच म्हणाल्या. "आपण हा आत ठेवूया का? तुमचं ते कमळांचं चित्र लावू या मध्ये."

"घडी घाला," पिलनाम म्हणाली. "कुणी बघायच्या आत घाला."

तेवढ्यात मानबोक आत आला.

मानबोक म्हणजे तिचा नवरा. दक्षिण बाजारात दोघांचं मोड आलेल्या कडधान्याच्या रस्सा-भाताचं दुकान. अडतीस वर्षं तो दाराशी एका लाकडी स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना हाका मारत आला आणि ती आत रश्शाच्या पातेल्याशी उभी राहत आली. बाजार त्याला राजेसाहेब म्हणायचा. हे आपलं कौतुकच आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. दुपारी गर्दी ओसरली की ती रिकाम्या टेबलावर कागद पसरायची. चित्रंसुद्धा उभ्यानेच काढायची. बसलं की हात चालत नाही, म्हणायची. तो स्टुलावरून मान लांब करून बघायचा, आणि "मिठाच्या बरणीत ब्रश बुडवू नकोस" यापलीकडे बोलायचा नाही. सकाळी तिने "येणार ना?" विचारलं, तेव्हा "दुकान कुणी बघायचं?" म्हणाला होता.

आता तो लग्नातला कोट घालून आला होता. तो कोट एकेकाळी त्याला नीट बसत असे. काखेत दुकानातलं तेच स्टूल.

"दुकान?" पिलनामने विचारलं.

"बंद केलं."

दुकान आजवर फक्त त्याची आई गेली तेव्हा बंद राहिलं होतं. "बसा तरी," पिलनाम म्हणाली. "गुडघे दुखतील."

तो बसला नाही. बायकांचे पडलेले चेहरे आणि अर्धवट घडी घातलेला पडदा बघून त्याने बाईंना काय झालं ते विचारलं. बाईंनी सांगितलं. त्याने पडद्याची पानं परत नीट उलगडली आणि सूर्यापासून चंद्रापर्यंत नजर फिरवली.

"सूर्य राजाचा," तो म्हणाला. "आणि चंद्र कुणाचा?"

"राणीचा," बाई म्हणाल्या.

"आणि मानाच्या बाजूला सूर्य, तो पुढ्यात राजा बसतो म्हणून?"

"हो."

"मग हिचं चुकलं कुठे?" मानबोक म्हणाला. "राणी बसायची असेल तर पडदा असाच हवा."

त्याने स्टूल पडद्याच्या पुढ्यात मधोमध ठेवलं, कोटाच्या बाहीने पुसलं आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "बस."

"अहो, लोक येतील."

"येऊ देत की. बस म्हणतो ना."

ती बसली. पहिल्यांदा अगदी टोकाला, कुणी हाक मारली तर पटकन उठता यावं अशी. युनजाने तिचे खांदे धरून तिला नीट मागे सरकवलं. तिच्या डाव्या खांद्यावर पांढरा चंद्र आला. नामगुंग बाईंनी डोळे पुसले, आतून नवीन कागद आणला आणि झरझर लिहिलं: 'राणीचा पडदा. चित्रकार: ओक पिलनाम.' कमळं आतच राहिली.

अकराला दार उघडलं. जाणकार मंडळी पडद्यापुढे थांबली, पाटी वाचून गालात हसली आणि मग एकेक करून पिलनामपुढे कमरेत वाकली. तिला आनंद लपवता येत नव्हता आणि तिने तो लपवलाही नाही. शेजारी मानबोक तिची पर्स छातीशी धरून उभा होता, दर दोन मिनिटांनी पाय बदलत.

बाईंना राहवेना. त्यांनी त्याच्यासाठी खुर्ची आणली.

"नको," मानबोक म्हणाला. "माझं अडतीस वर्षं बसून झालंय."