न बसलेला बूट

"काल शाळेच्या निरोप समारंभात माझ्या बहिणीला मिठीत घेऊन नाचत होती, त्या पोरीचा हा बूट. मला बघून पळाली. ज्या पायात बसेल, ते तंगडं मोडणार." माझ्या मैत्रिणीचा भाऊ आमच्या बूट दुरुस्तीच्या दुकानात उभा राहून ओरडत होता.

आईने शिलाई मशीन थांबवलं. "दिसायला कशी होती?"

"काळी."

"मग बस शोधत. या गल्लीत गोरं कोण आहे?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला घालायला लावा."

मी पाय मागे ओढले. तो बूट आईनेच माझ्यासाठी शिवला होता. मला त्याच्यापेक्षा तिचीच जास्त भीती वाटत होती.

"आण इकडे. नुसता चिखलाने माखलाय," म्हणत तिने बूट घेतला, पाठमोरी होऊन फडक्याने आतबाहेर पुसला आणि माझ्या पुढ्यात टाकला. "घाल."

मी पाय घातला. टाच बाहेरच राहिली. त्याने माझा गुडघा दाबून पाहिला, तरी बूट चढेना. शेवटी "ठेवा तुमच्या भंगारात," म्हणून तो तणतणत निघून गेला.

आईने शटर अर्धं ओढलं. बुटात बोटं घालून तिने टोकाशी कोंबलेला चामड्याचा बोळा बाहेर काढला. मग पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं.

"पट्टा सैल होता, म्हणून निसटला. पळायचं असेल तर आवळून बांधावा."

मी मान वर केली नाही. तिने टेबलावर नवं चामडं पसरलं.

"तिच्या पायाचं माप काय गं?"