तिसरी डबी

सोमवारी ऑपरेशन करून बाबांच्या गळ्यातली स्वरपेटीच काढणार होते, आणि लेकीचा जीव मायक्रोफोनला जोडायच्या एका डबीत अडकला होता. मायक्रोफोनमधला बारीक आवाज मोठा करणारी ही डबी, म्हणजे प्रीअँप, तिनं ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडून तीन तऱ्हांची उचलून आणली होती. बाबांचा आवाज आताच इतका खोल गेला होता, की बटण बरंच पुढे फिरवावं लागे. फिरवलं की दोन शब्दांच्या मधे मागून सूंऽ सूंऽ अशी खरखर येई. पहिल्या डबीत आली, दुसरीत आली. तिनं वायरी बदलल्या, पंखा बंद केला, फ्रिजचा प्लगसुद्धा काढला. आता तिसरी जोडली.

"बाबा, बोला काहीतरी."

"अजून काय बोलू? सकाळपासून हॅलो हॅलो करून तोंडाला फेस आला. नातवासाठी दोन शब्द ठेवायचेत ना, मग घे की एकदाचे!"

"असे खरखरीतले नाही ठेवायचे मला. बघा, हिच्यातही तेच! फसवलं मेल्यानं."

बाबांनी तिच्या कानांवरचे हेडफोन काढून स्वतःला लावले. क्षणभर ऐकलं, श्वास रोखला, सोडला, आणि हसले.

"त्या बिचाऱ्याला कशाला शिव्या देतेस? श्वास आहे तो माझा."

तिनं हेडफोन परत आपल्या कानांवर चढवले. सोमवारनंतर श्वाससुद्धा गळ्याला पाडलेल्या भोकातूनच घ्यायचा, असं डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं.

"मग, बोलू का?" बाबांनी विचारलं.

"नका बोलू जरा," ती म्हणाली, आणि रेकॉर्डिंग सुरू करून तिनं बटण शेवटपर्यंत फिरवलं.