गप्प चीज

बटाटे तळून झाले होते, ग्रेव्ही उकळत होती. दर शनिवारी माझा रेजाँ आमच्याच गाईंच्या दुधाचं चीज घेऊन येतो आणि आम्ही मायलेक ते तळलेल्या बटाट्यांवर घालून, वर ग्रेव्ही ओतून पूटीन खातो. या आठवड्यात मात्र बर्फाचं निमित्त सांगून त्यानं मला गोठ्याकडे फिरकू दिलं नव्हतं.

"आजचंच ना रे?"

"म्हणजे काय, पहाटेच्या धारेचं."

ताजं चीज दाताखाली कुईकुई करतं, एक रात्र उलटली की गप्प होतं. क्वेबेकात हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी एक तुकडा चावला. मग दुसरा. समोरच ठेवलेलं मीठ रेजाँ शोधत राहिला.

मी त्याच्या बटाट्यांवर ग्रेव्ही ओतली आणि विचारलं, "गाई कधी विकल्यास?"