भिंतीपलीकडचे तीन ठोके

ठोके पुन्हा पडले. तीन. सावकाश, थांबून थांबून.

चौथ्या मजल्यावरच्या पाच माणसांनी हातोड्या खाली ठेवल्या. काल याच वेळी असंच झालं होतं. परवाही.

"मुकादम, या खोलीत आम्ही काम करणार नाही," गॅसकटरवाला म्हणाला. "इथं राहणारी बाई दोन महिन्यांपूर्वी वारली म्हणतात."

"मग तिलाही नोटीस दिलीय म्हणावं."

कुणी हसलं नाही. मुकादमाच्याही अंगावर काटा आला होता, पण मुकादमाला तो दाखवून भागत नाही.

सात मजली इमारत तो वरून एकेक मजला उतरवत आणत होता. गल्ली इतकी चिंचोळी, की या खिडकीतून मीठ मागावं आणि समोरच्या खिडकीतून ते हातोहात मिळावं. तरी आजवर त्यानं खाली विटेचा तुकडा पडू दिला नव्हता. आज डावीकडची भिंत काढायची होती. ती शेजारच्या इमारतीला खेटून उभी होती आणि वरचा स्लॅब निघाल्यामुळे निराधार झाली होती. वारा सुटला तर ती कुठे कलेल याचा नेम नव्हता. म्हणून शेजारची इमारत सकाळीच रिकामी करून घेतली होती. यादीत सगळ्या घरांपुढे खुणा झाल्या होत्या.

मग ठोकतंय कोण?

तो धावत जिने उतरला, शेजारचे जिने चढला. चौथ्या मजल्यावर एक दार सताड उघडं होतं. दारात एक बाई रडकुंडीला येऊन उभी होती.

"घर रिकामं केल्याची सही मी करून बसले हो. म्हटलं, तोवर सासूबाई उठतील. पण त्या जागच्या हलत नाहीत."

आत भिंतीलगतच्या पलंगावर म्हातारी बसली होती. उजव्या हाताची मूठ अजून भिंतीवरच होती.

"आजी, चला. भिंत पाडायचीय."

"पलीकडे माझी धाकटी बहीण राहायची," म्हातारी म्हणाली. "आई गेली त्या दिवशी मी उशिरा पोचले. तेव्हापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. वीस वर्षं झाली. पण रोज सकाळी तीन ठोके चुकले नाहीत. आहे अजून, एवढंच सांगायचं."

"आता त्या नाहीत, आजी."

"ठाऊक आहे मला. पण पलीकडून एकदा उत्तर येऊ दे. लगेच उठते."

मुकादमानं अडून बसलेली माणसं खूप पाहिली होती. कुणाला गोडीत उठवलं होतं, कुणाला दटावून. इथं तो नुसता खिडकीकडे वळला. खिडकीबाहेर धुळीसाठी लावलेली जाळी फडफडायला लागली होती. वारा सुटत होता.

तो परत आपल्या इमारतीत गेला. माणसांना जिन्यात थांबवून एकटाच त्या खोलीत शिरला. डोक्यावर छत नव्हतं, नुसतं आभाळ. भिंतीवर कपाट होतं तेवढा रंग ताजा राहिला होता. त्याखाली तो गुडघ्यावर बसला. मूठ वळली. दुसऱ्याच्या घरात चोरपावलांनी शिरल्यासारखं त्याला वाटलं.

त्यानं तीन ठोके दिले. सावकाश, थांबून थांबून.

पलीकडे काहीच वाजलं नाही. तो शेजारी पोचला तेव्हा म्हातारी पायांत चपला घालून जिन्यात उभी होती. त्यानं तिला हाताला धरून एकेक पायरी उतरवलं आणि गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या दोरीपलीकडे खुर्चीवर बसवलं. सून पाणी आणायला गेली. वर माणसं कामाला लागली. थोड्याच वेळात भिंतीचा पहिला भाग आतल्या बाजूला, त्यांच्याच मजल्यावर, अलगद कोसळला.

"बरं वाटलं ना, आजी?" मुकादमानं विचारलं. स्वतःच्या युक्तीवर तो खूश होता.

म्हातारीनं त्याचा हात सोडला नव्हता.

"तूच ठोकलंस ना रे?"

तो ओशाळला. "कसं ओळखलंत?"

"वीस वर्षं रोज ठोकत आले," ती म्हणाली. "तिनं एकदाही उत्तर दिलं नव्हतं."