तंबूतली वाफ

दक्षिण ध्रुवावर गेलेले पाच जण परत येत नाहीत, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. तरी दर मार्चमध्ये प्लिमथच्या एका छोट्या थिएटरात त्यांच्यावरचा तो जुना चित्रपट दुपारी लागतो, आणि आम्ही स्टुडिओतली उरलेली दोघं थर्मासमधला चहा घेऊन पुढे बसतो.

त्यातला बर्फ माझा, म्हणजे पोत्यांनी पसरलेलं मीठ. दाढ्यांवरचे मेणाचे हिमकण या शेजारच्या एनिडचे. दिव्यांखाली लोकरीतले नट घामाने निथळायचे. तरी तंबूत क्लेमंट असा मरायचा, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. दिग्दर्शकाने ‘कट’ म्हणेपर्यंत पठ्ठ्या श्वास रोखून पडून राहायचा. काय नट होता! गेल्या हिवाळ्यात गेला.

"एवढी थंडी, पण कुणाच्या तोंडातून वाफ नाही! वॉल्टर, तुझा बर्फ म्हणजे भटारखाना रे," असं एनिड दरवर्षी चिडवते.

यंदा तिने नुसता माझा हात घट्ट धरला.

क्लेमंटच्या प्रत्येक शब्दाबरोबर पांढरी वाफ निघत होती. फक्त त्याच्याच.

"कुणीतरी नंतर घातली असेल," मी पुटपुटलो.

"गप्प बस. काम बघ त्याचं. एवढं सुंदर कधीच केलं नव्हतं."

क्लेमंटची मान कलली. सोबत्यांनी त्याच्या तोंडावर पांघरूण ओढलं. पांघरुणातून वाफ येतच राहिली.

एनिड पुढे वाकली, आणि आजारी माणसाशी बोलावं तशी हळूच म्हणाली, "कट, क्लेमंट. झालं हं. कट."

वाफ थांबली.