चकित होण्याचा सराव

लिफ्टच्या आरशात साहेब चकित होण्याचा सराव करत होते. आधी भुवया वर, मग तोंड किंचित उघडं, मग एक हात छातीवर. हात जरा जास्तच वाटत होता. त्यांनी तो वगळला.

आज त्यांचा वाढदिवस होता, आणि वरच्या सभागृहात सहकाऱ्यांनी गुपचूप पार्टी ठरवली होती. लष्करी गुप्तवार्ता खात्याच्या प्रमुखापासून हे लपणार कसं? खुणा ढीगभर होत्या. सकाळी बायको दार लोटून फोनवर कुजबुजत होती. साहेब जवळ जाताच ती मोठ्याने म्हणाली, "हो हो, नळ गळतोय, बघून जा." नळ गळताना साहेबांनी तरी पाहिला नव्हता. ऑफिसात शिपाई जादा खुर्च्या वर नेत होते आणि साहेबांना पाहताच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आणि त्यांचा मेजर, ज्याच्या तोंडाला एरवी कुलूप नसतं, तो दुपारी येऊन एवढंच म्हणाला, "सर, चारला जरा वर याल का? एसी बघायचाय."

एसी बघायला जनरल. साहेबांना त्याची कीव आली.

खरं तर त्यांच्या जिवाला वेगळाच घोर होता. उद्या संसदेच्या समितीपुढे त्यांची साक्ष होती. लष्करी गुप्तवार्ता बळकट करण्याचं विधेयक तिथे अडकलं होतं. त्यातली यंत्रं समितीला पसंत होती. लांबचं ऐकणारी, अंधारात पाहणारी यंत्रं कोणाला आवडत नाहीत? अडलं होतं ते एका कलमावर. आलेल्या माहितीचा अर्थ लावणाऱ्या, त्यासाठीच शिकवून तयार केलेल्या माणसांची वेगळी शाखा त्यात मागितली होती. मागच्या वर्षी सीमेवरच्या एका ठाण्याबद्दल सगळ्या खुणा वेळेवर हाती आल्या होत्या. अर्थ चुकीचा लागला, आणि ठाण्यावरची काही पोरं परत आली नाहीत. साहेबांना ते कलम हवं होतं. बाकीचं विधेयक बुडालं असतं तरी त्यांनी फार वाईट वाटून घेतलं नसतं.

अध्यक्षबाईंचं मात्र एकच पालुपद होतं. सगळं डोळ्यांसमोर असल्यावर अर्थ लावायला निराळी माणसं कशाला?

लिफ्ट थांबली. मेजर सभागृहाच्या दारात उभा होता. त्याला घाम फुटला होता. साहेबांनी त्याच्या खांद्यावर प्रेमाने थोपटलं, दार ढकललं, भुवया वर नेल्या आणि दोन्ही हात पसरले.

"अरे! तुम्ही सगळे? माझ्यासाठी? आणि केक कुठे लपवलाय?"

लांब टेबलामागे संसदेची समिती बसली होती. मधोमध अध्यक्षबाई होत्या. केक नव्हता.

"आम्ही एक दिवस आधी आलो, जनरल," बाई म्हणाल्या. "मुद्दामच. न सांगता आलो तर तुम्हाला कळतं का, ते पाहायचं होतं. मेजरना गप्प राहायला मीच बजावलं होतं. म्हणजे, तुम्हाला पत्ताच नव्हता?"

"सरांना कळलं होतं, मॅडम," मेजर घाईघाईने म्हणाला. "सर गंमत करतायत."

फेकलेली दोरी साहेबांना दिसली. धरली असती तर अब्रू वाचली असती. कलम मात्र गेलं असतं. त्यांनी पसरलेले हात खाली घेतले.

"नाही, मॅडम. मला सगळं दिसलं होतं. खुर्च्या दिसल्या, कुजबुज ऐकू आली, हा मेजर थापा मारतोय हेसुद्धा कळलं. एक खूण सुटली नाही. आणि त्या सगळ्यांतून मी केक काढला."

कोपऱ्यातल्या एका सदस्याने हसू दाबलं.

"आज माझा वाढदिवस आहे. मला पार्टी हवी होती, म्हणून पार्टी दिसली. ठाण्याच्या वेळी आम्हाला शांतता हवी होती, म्हणून शांतता दिसली. ऐकायला यंत्रं आहेत, मॅडम. शेजारी बसून 'साहेब, केक कशावरून?' असं विचारणारं माणूस नाही. ते द्या."

सदस्याचं हसू विरलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कलम विधेयकात राहू द्या," त्या शेजारच्या सचिवांना म्हणाल्या. मग मेजरकडे वळून, "आणि खालून काहीतरी गोड मागवा. माणूस केवढ्या आशेने वर आलाय."

संध्याकाळी घरी जाताना साहेबांनी गाडीत बसून सकाळपासूनच्या खुणा पुन्हा तपासल्या. या वेळी अगदी काटेकोरपणे. खुर्च्या समितीच्या होत्या. मेजरची थाप समितीपायी होती. पार्टी नव्हतीच. म्हणजे बायको बिचारी खरंच नळाबद्दल बोलत होती, आणि आपण उगाच तिच्यावर संशय घेतला. त्यांनी ड्रायव्हरला दुकानापाशी थांबायला सांगितलं आणि नळाचा वायसर विकत घेतला.

घरात अंधार होता. त्यांनी दार उघडलं. भप्पकन दिवे लागले. बायको, परगावाहून आलेली लेक, मेहुणा, वहिनी, शेजारचे आजोबा, सगळे एका सुरात ओरडले. टेबलावर केक होता.

साहेब वायसर हातात धरून उभे राहिले. भुवया वर गेल्या नाहीत. तोंड उघडलं नाही. चेहरा भिंतीसारखा कोरा.

लेकीचा चेहरा पडला. "बघ आई, तुला म्हटलं होतं मी. बाबांपासून काही लपत नाही. यांना सकाळीच कळलं असणार."

"मग काय," मेहुणा कौतुकाने म्हणाला, "उगाच का एवढं खातं सांभाळतात!"

साहेबांनी वायसर हळूच खिशात सरकवला, आणि ही माहिती काही दुरुस्त केली नाही.