वाढीचे पेढे

मृत्युंजयच्या ओसरीवर बसता बसता सुग्रीवनं ठरवून टाकलं, आज वहिनींच्या देखत बोलायचंच. एक वाक्य पुरे होतं. "वेतनश्रेणीचे पेढे कुठायत?"

दोघं सरकारच्या गुप्तवार्ता खात्यात एकाच दिवशी लागले होते. सुग्रीव बीडच्या कार्यालयात टेबलावर बसला आणि मृत्युंजयला परळीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पेरलं गेलं. तिथं तो आडत्याचा मुनीम म्हणून वावरायचा आणि चार लोकांत बोललेलं खात्याला कळवायचा. खरी नोकरी बायकोलाही सांगायची नाही, असा दंडक. गंगासागर नवऱ्याला मुनीमच समजायची. सुग्रीव तिच्या लेखी नवऱ्याचा कॉलेजातला दोस्त.

यंदा सरकारनं बारा वर्षं एकाच पदावर काढलेल्यांना वरची वेतनश्रेणी दिली. मृत्युंजयला मिळाली. सुग्रीवच्या नावापुढं साहेबांनी 'सहकाऱ्यांशी पटत नाही' असा शेरा मारला आणि त्याचं प्रकरण लटकलं. तेव्हापासून त्याचा नुसता जळफळाट चालला होता. आपण फायली उपसायच्या, ह्यानं गादीवर लोळत गप्पा ऐकायच्या, आणि वर पगार ह्यालाच जास्त. आपण बायकोला कबूल केलेला रंगीत टीव्ही आता ह्याच्या घरात लागणार. पण एकदा बिंग फुटलं की साहेब ह्याला मोंढ्यातून उचलतील, चौकशी लावतील, श्रेणी राहील बाजूला. मग कळेल बेट्याला.

मृत्युंजय समोरच बसला होता. सुग्रीवचा चेहरा बघून त्याला काय ते उमगलं असावं. त्यानं मान खाली घातली.

"वहिनी," सुग्रीव म्हणाला, "एक विचारायचं होतं."

"आधी तोंड गोड करा, भावजी." गंगासागरनं पेढ्यांचा पुडा पुढं धरला. "तुमचा पगार वाढला म्हणून ह्यांनी कालच आणलेत. साऱ्या गल्लीत वाटले. हां, काय विचारायचं होतं?"

सुग्रीवनं मृत्युंजयकडं पाहिलं. तो मान वर करत नव्हता. सुग्रीवनं एक पेढा उचलून तोंडात टाकला.

"काई न्हाई, वहिनी," तो शेवटी म्हणाला. "पेढे कुठले, तेवढंच."

गंगासागर हसली. "कालपासून नुसते गुणगुणायलेत हे. दुसऱ्याचा पगार वाढला म्हणून इतका खूश झालेला माणूस म्या तरी बघितला न्हाई."